मतपत्रिका पेटीच्या चिरेपर्यंत नेण्याआधी : नागपूर पदवीधर मतदारसंघात पहिल्यांदा मत देणाऱ्यांसाठी

२०२०च्या डिसेंबरात नागपूर विभाग पदवीधर मतदारसंघाची मतमोजणी मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात झाली. मतपेट्यांतून १ लाख ३३ हजार ५३ मतपत्रिका निघाल्या आणि त्यातल्या ११ हजार ५६० बाद ठरल्या. जवळजवळ दर बारा जणांत एकाचं मत वाया गेलं. या निवडणुकीत मत द्यायला पदवी लागते, म्हणजे हे सगळे शिकलेले लोक. कोरोनाच्या दिवसांत मास्क लावून रांगेत उभे राहिलेले, सहीसकट सगळं रीतसर करून आलेले. त्यांचं मत पेटीत पडलं, पण मोजलं गेलं नाही.

मी कॉलेजात शिकवते. मतदान केंद्रावर ड्युटी केली आहे, मोजणीच्या टेबलावरही बसले आहे. तिथे बाद गठ्ठ्याकडे बघून जीव हळहळतो. म्हणून आता वर्गातून बाहेर पडलेल्या मुलामुलींना, आणि खरं तर त्यांच्या आईवडिलांनाही, मी हे सगळं पहिल्यापासून सांगते.

आपल्या हाताला यंत्राची सवय झाली आहे, हे त्याचं एक मोठं कारण. लोकसभा-विधानसभेला ईव्हीएमवर तुम्ही एक बटण दाबता, लाल दिवा लागतो, बीप वाजतो, शेजारच्या काचेत सात सेकंद चिठ्ठी दिसते. दोन बटणं दाबायची म्हटली तरी यंत्र दाबू देत नाही. मतपेटीचं तसं नसतं. तिच्या वरच्या चिरेतून कोरा कागद टाका, सही केलेला टाका, टिकमार्क केलेला टाका, ती सगळं घेते. चूक झाली हे तिथे कोणीच सांगत नाही. ते कळतं दोन-तीन दिवसांनी, मोजणीच्या टेबलावर, आणि तेव्हा तो कागद कोणाचा हे कोणालाच माहीत नसतं. तेव्हा काळजी घ्यायची ती सगळी चिरेच्या अलीकडे.

इथे यंत्र का नसतं

विधान परिषद हे आपल्या राज्याचं वरचं सभागृह. ७८ सदस्यांपैकी ७ पदवीधरांनी निवडून दिलेले असतात आणि ७ शिक्षकांनी. आपल्या पदवीधर मतदारसंघात नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे सहा जिल्हे मिळून एकच जागा आहे. १९८९पासून २०१४पर्यंत नितीन गडकरी इथून निवडून जात होते, २०२०मध्ये अभिजित वंजारी निवडून आले. मुदत सहा वर्षांची, त्यामुळे ही संधी लोकसभा-विधानसभेसारखी पाच वर्षांनीही येत नाही. हिवाळी अधिवेशनात सिव्हिल लाइन्सचे रस्ते बंद झाले की आपण वैतागतो. त्या विधान भवनात तुमच्या मताने गेलेला एक माणूस बसलेला असतो, हे वैतागताना आठवलं तर बरं.

या निवडणुकीत एकालाच मत देऊन थांबायचं नसतं, उमेदवारांना क्रम द्यायचा असतो : पहिली पसंती, दुसरी, तिसरी. आपली नेहमीची ईव्हीएम एका मतदाराचं एक बटण नोंदवते, क्रम नोंदवत नाही. म्हणून इथे अजून कागद, पेन आणि पेटी.

पहिलं काम : नाव नोंदवा, आणि मागचं नाव विसरा

इथेच सगळ्यात जास्त लोक गळतात. "माझं नाव आहे ना यादीत, विधानसभेला मत दिलं होतं" असं म्हणणारे दर वेळी भेटतात. विधानसभेची यादी वेगळी, ही वेगळी. नागपूर विद्यापीठाच्या सिनेटसाठी पदवीधर म्हणून नाव घातलं असेल, तर ती आणखी तिसरी यादी. एकीतलं नाव दुसरीत आपोआप जात नाही.

आणि ही यादी दर निवडणुकीला नव्याने, कोऱ्या पानापासून तयार होते. मागच्या वेळी तुम्ही मत दिलं असेल, तरी पुन्हा अर्ज करावाच लागतो. २०२०ला मत दिलेल्या आमच्या एका नातलग काकू नेमक्या याच भरवशावर राहिल्या होत्या.

पदवीधरांसाठी नमुना १८ हा अर्ज असतो, शिक्षक मतदारसंघासाठी नमुना १९. अर्हता तारीख १ नोव्हेंबरची. त्या तारखेच्या आधी तुमची पदवी होऊन किमान तीन वर्षं झालेली हवीत. समजा १ नोव्हेंबर २०२५ धरून यादी होते आहे, तर तुमची पदवी १ नोव्हेंबर २०२२च्या आधीची पाहिजे. पदवी भारतातल्या कुठल्याही विद्यापीठाची चालते. पुण्यात इंजिनीअरिंग करून मिहानमध्ये नोकरीला लागलेल्या मुलीने इथे राहत असल्यास इथे नाव घालावं. नागपूरला शिकून पुण्याला स्थायिक झालेल्या मुलाने पुण्यात घालावं. विचारलं जातं ते तुम्ही राहता कुठे.

अर्जासोबत फोटो, राहण्याचा पुरावा आणि पदवी प्रमाणपत्राची किंवा गुणपत्रिकेची साक्षांकित प्रत लागते. झेरॉक्स घेऊन गेलात आणि साक्षांकनच राहिलं, तर पुन्हा खेप पडते. म्हणून मूळ कागद सोबत ठेवा. लग्नानंतर नाव बदललेल्या मैत्रिणींनी जास्त सांभाळून राहावं. पदवीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि दोन्ही जोडणारा कागद घरी कपाटात, असं व्हायला नको. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद अर्जाला जोडा.

अर्ज तहसील कार्यालयात आणि नेमून दिलेल्या ठिकाणी घेतात. या मतदारसंघाचे निवडणूक निर्णय अधिकारी विभागीय आयुक्त असतात, त्यांचं कार्यालय सिव्हिल लाइन्सला जुन्या सचिवालयाच्या इमारतीत. एका घरातला माणूस त्याच घरातल्या इतरांचे अर्ज देऊ शकतो, संस्थाप्रमुख आपल्या कर्मचाऱ्यांचे देऊ शकतात. पण कार्यकर्ता गठ्ठा घेऊन गेला तर तो घेत नाहीत. "भाऊकडे फॉर्म दिला आहे, तो भरून देते म्हणाला" यावर विसंबू नका. स्वतः जा आणि पोच घ्या.

प्रारूप यादी, म्हणजे कच्ची यादी, लागली की नाव बघा. स्पेलिंग, पत्ता, केंद्र, सगळं. हरकत घ्यायची मुदत तेव्हाच असते.

पेटी जवळून

मतदानाच्या दिवशी सकाळी, दार उघडण्याआधी, मतदान केंद्रात एक छोटा विधी होतो. मतदारांना तो दिसत नाही म्हणून सांगते.

केंद्राध्यक्ष लोखंडी पेटी टेबलावर ठेवतात, झाकण उघडतात आणि उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर उलटी करून दाखवतात. हात घालून बघा म्हणतात. आत काही नाही याची खात्री प्रत्येकाने करायची. मग केंद्राचा क्रमांक लिहिलेली पत्त्याची चिठ्ठी आत टाकतात आणि तशीच एक बाहेर बांधतात. झाकणाजवळच्या खाचेत कागदी मोहोर बसवतात. हा एक पट्टीसारखा कागद. त्यावर क्रमांक छापलेला असतो, केंद्राध्यक्षांची सही होते, प्रतिनिधींनाही सही करता येते. पेटी उघडायची तर हा कागद फाटल्याशिवाय उघडत नाही. प्रतिनिधी क्रमांक आपल्या वहीत टिपून घेतात, मोजणीच्या दिवशी तोच क्रमांक ताडून बघायला. मग झाकण बंद. उघडी राहते फक्त ती चीर.

मी पहिल्यांदा ड्युटीवर होते तेव्हा एक वयस्कर प्रतिनिधी पेटीवर टिचकी मारून आवाज ऐकत होते. डोळ्यांनी रिकामी दिसली होती, तरी त्यांना कानानेही खात्री करायची होती. मला ते फार आवडलं.

या पेटीला मोठा इतिहास आहे. १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी देशभर लाखो लोखंडी पेट्या बनवाव्या लागल्या. त्यातल्या बारा लाखांहून जास्त गोदरेजच्या विक्रोळीच्या कारखान्यात झाल्या. बाहेरून कुलूप लावायचं तर खर्च वाढत होता, म्हणून आतल्या आत बसणारी कळ तयार केली गेली. सुकुमार सेन तेव्हा मुख्य निवडणूक आयुक्त होते. बहुतेक मतदारांना वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवली. पेटीवर त्याचं चिन्ह चिकटवलेलं. मतदाराने कागदावर काहीच लिहायचं नाही, आपल्या माणसाच्या पेटीत कागद टाकायचा. नागपूर तेव्हा जुन्या मध्य प्रदेशची राजधानी होतं आणि इथून लोकसभेवर अनसूयाबाई काळे निवडून गेल्या. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते आणि हरले, तेही याच पेट्यांच्या काळात. पुढे १९६२च्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत सगळ्यांची नावं एका मतपत्रिकेवर आणि सगळ्यांसाठी एकच पेटी, ही पद्धत रुळली.

त्या काळी न शिकलेल्या माणसाला चूक करणंच अवघड जावं अशी व्यवस्था पेटीभोवती बांधली होती. आज शिकलेल्या माणसाला क्रम लिहायचा आहे, आणि चुका इथे जास्त होतात.

केंद्रावर

ओळखपत्र म्हणून मतदार ओळखपत्र चालतंच. आधार, पॅन, पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन्स, नोकरीचं ओळखपत्र, आणि या निवडणुकीत विद्यापीठाने दिलेलं मूळ पदवी प्रमाणपत्रसुद्धा चालतं. मोबाईल घरी ठेवा, नाही तर बाहेर कोणाकडे तरी द्या.

केंद्र तुमच्या नेहमीच्या शाळेत असेलच असं नाही. या निवडणुकीत केंद्रं कमी असतात, त्यामुळे मानेवाड्याच्या माणसाला थोडं लांब जावं लागू शकतं. आदल्या दिवशी यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक चिठ्ठीवर लिहून घ्या.

आत गेल्यावर एक अधिकारी नाव पुकारतो, ओळख पटवतो. पुढे मतपत्रिका देताना स्थळप्रतीवर तुमची सही घेतात. स्थळप्रत म्हणजे चेकबुकात उरतो तसा तुकडा, तो त्यांच्याकडे राहतो. ही सही तुमची पहिली आणि शेवटची. यानंतर कुठेही सही करायची नाही, हे मनाशी पक्कं करा. का, ते पुढे सांगते.

मतपत्रिका हातात आली की आधी उलटी करून बघा. मागे केंद्राचा ओळखशिक्का आणि केंद्राध्यक्षांची पूर्ण सही हवी. गर्दीत राहून गेली असेल तर तिथेच सांगा. विचारायला संकोच वाटतो, पण हा तुमचा हक्क आहे आणि कोणी रागावत नाही.

एखाद्या वेळी असंही होतं की तुम्ही जाण्याआधी तुमच्या नावावर कोणी तरी मत देऊन गेलेलं असतं. हात हलवत परत येऊ नका. ओळख पटली की तुम्हाला प्रदत्त मतपत्रिका मिळते. ती पेटीत टाकायची नसते, केंद्राध्यक्ष ती वेगळ्या लिफाफ्यात ठेवतात.

दृष्टिहीन किंवा अशक्त मतदाराला आपल्यासोबत अठरा वर्षांवरचा एक माणूस कक्षात नेता येतो.

पेन आणि आकडा

आता मुख्य गोष्ट. इथे घाई करू नका, मागे कितीही मोठी रांग असो.

मतपत्रिकेवर उमेदवारांची नावं असतात, पण चिन्हं नसतात. कमळ, पंजा, घड्याळ, काही नाही. चिन्ह बघून मत देण्याची सवय असलेला डोळा इथे गोंधळतो. २०२०मध्ये तर १९ उमेदवार होते, लांबलचक कागद. म्हणून तुमच्या उमेदवाराचं पूर्ण नाव आधीच पाठ करून जा. सारख्या नावाचे दोघे असतील तर वडिलांच्या नावासकट.

नावापुढे रिकामा चौकोन असतो. कक्षात जांभळ्या रंगाचं स्केचपेन ठेवलेलं असतं. लिहायचं ते फक्त त्याच पेनाने. तुमच्या खिशातलं बॉलपेन कितीही चांगलं असलं तरी काढू नका. दुसऱ्या पेनाने लिहिलेली मतपत्रिका बाद होते. पेन चालत नसेल तर बाहेर येऊन दुसरं मागा.

ज्याला तुमची पहिली पसंती, त्याच्या नावापुढच्या चौकोनात एक हा आकडा लिहा. देवनागरीत लिहा, इंग्रजी आकड्यात लिहा किंवा रोमन पद्धतीने उभी रेघ काढा, तिन्ही चालतात. पण अक्षरात "एक" लिहू नका. टिकमार्क नाही, फुली नाही, गोल नाही. पतसंस्थेच्या किंवा बाजार समितीच्या निवडणुकीत फुलीचा शिक्का मारून आलेले लोक इथे हमखास चुकतात, कारण पेटी तशीच दिसते आणि हात जुन्या सवयीने चालतो. मला एका शिक्षकांनीच रांगेत विचारलं होतं, "मॅडम, टिक केलं तर चालते ना?" बरं झालं विचारलं.

एक हा आकडा एकाच नावापुढे हवा. दोघांपुढे एक लिहिलं तर मत बाद. एकाच नावापुढे एक आणि दोन असं दोन्ही लिहिलं तरी बाद. आकडा चौकोनाच्या मधोमध लिहा. वरच्या आणि खालच्या नावांमधल्या रेघेवर बसलेला आकडा नेमका कोणाचा हे सांगता येत नाही, आणि सांगता येत नसेल तर ते मत कोणालाच मिळत नाही.

आता सहीबद्दल. मोजणीच्या टेबलावरची एक मतपत्रिका माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. चौकोनात सुरेख वळणदार एक, शंकेला जागाच नाही. आणि खाली, कागदाच्या कोपऱ्यात, तितकीच सुरेख सही, तिच्याखाली दोन टिंबं. त्या माणसाने मिनिटभर आधी स्थळप्रतीवर सही केली होती, आयुष्यभर प्रत्येक कागदाच्या तळाशी सही करत आला असेल, हात आपसूक गेला. मतदार कोण हे ओळखू येईल अशी कुठलीही खूण मतपत्रिकेवर असली की ती बाद. सही, आद्याक्षरं, नाव, अंगठा, "शुभेच्छा", "जय हिंद", काहीही नको. मत गुप्त राहावं यासाठीच हा नियम आहे. खूण चालली असती तर मत विकत घेणाऱ्याला माल पोचल्याची पावतीच मिळाली असती. टेबलावरच्या आम्ही सगळ्यांनी तो कागद बघितला, आणि नियमाप्रमाणे तो बादच्या गठ्ठ्यात गेला.

दोन, तीन, चार लिहायचे की नाही

एक लिहिणं सक्तीचं आहे. पुढचे आकडे तुमच्या मर्जीचे. पण लिहिणार असाल तर ओळीने लिहा. एकनंतर थेट तीन लिहिलं, किंवा दोन हा आकडा दोघांना दिला, तर तुमची पहिली पसंती मोजली जाते, पण पुढचा क्रम तिथेच संपतो.

अनेकांना वाटतं, दुसरी पसंती दिली की पहिल्याचं नुकसान होतं. तसं होत नाही. छोट्या आकड्यांत बघू.

समजा वैध मतं १०० आहेत. एकच जागा असल्यामुळे जिंकायला निम्म्यांहून एक जास्त, म्हणजे ५१ लागतात. याला कोटा म्हणतात. पहिल्या पसंतीत अ ला ४५, ब ला ३५ आणि क ला २० मिळाली. कोणीच ५१वर नाही. मग सगळ्यात खालचा क बाद होतो आणि त्याच्या वीस मतपत्रिका पुन्हा उघडून दुसरी पसंती बघतात. समजा १७ जणांनी ब ला दिली, दोघांनी अ ला, आणि एकाने काहीच लिहिलं नाही. ब होतो ५२, अ होतो ४७. ब निवडून आला. ज्याने दोन लिहिलाच नाही, त्याच्या मताला या टप्प्यावर काही म्हणता आलं नाही.

तुमचा दोन वाचला जातो तो तुमचा पहिला माणूस शर्यतीतून बाहेर पडल्यावरच. म्हणून पहिल्या पसंतीचा उमेदवार छोटा, अपक्ष असेल, तर दोन जरूर लिहा, असं माझं मत आहे.

२०२०मध्ये हेच प्रत्यक्षात घडलं. वैध मतं १ लाख २१ हजार ४९३, कोटा ६० हजार ७४७. पहिल्या पसंतीत कोणालाच तो गाठता आला नाही आणि बाद फेऱ्या कराव्या लागल्या. त्या वेळी लोकांच्या दोन आणि तीन या आकड्यांनाच बोलायची वेळ आली.

चूक झाली तर

हे वाक्य घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवा : मतपत्रिका पेटीत टाकण्याआधी चूक लक्षात आली, तर ती परत देऊन दुसरी मागता येते.

पेन घसरलं, चुकीच्या नावापुढे एक पडला, सवयीने सही झाली, तर खाडाखोड करत बसू नका. कागद घडी करून केंद्राध्यक्षांकडे जा आणि सांगा, "मतपत्रिका चुकून खराब झाली, दुसरी द्या." अनवधानाने झालं आहे अशी त्यांची खात्री पटली की ते ती रद्द करतात आणि नवी देतात. नियमात ही सोय आहे, उपकार म्हणून मागायची नाही. मी ड्युटीवर असताना एका मुलाने घाबरत घाबरत येऊन असं सांगितलं, तेव्हा मागच्या रांगेतले दोघे त्याच्याकडे बघून हसले होते. दिवसभरात त्या केंद्रावर नवी मतपत्रिका मागणारा तो एकटाच. चुका तेवढ्याच झाल्या असतील यावर माझा विश्वास नाही.

चिरेपाशी

स्केचपेनची शाई ओली असते. लगेच घडी घातली तर आकड्याचा ठसा समोरच्या भागावर, दुसऱ्याच नावापुढे उमटतो. टेबलावर मग तो ठसा की खरा आकडा यावर माना वाकवून बघत बसावं लागतं. म्हणून लिहून झाल्यावर मनात दहा आकडे मोजा, शाई वाळू द्या, मतपत्रिका देताना दाखवली होती तशी घडी घाला.

घडी कक्षातच घाला. बाहेर येऊन कोणाला दाखवू नका, गमतीनेही नाही. मत दाखवलं तर केंद्राध्यक्ष मतपत्रिका काढून घेऊन रद्द करू शकतात.

मग पेटी. लांब कागदाची घडी जाड होते आणि चिरेत अडकते. वरवर ठेवून निघून जाऊ नका, आत पडल्याचं बघा. अडकली तर तिथल्या कर्मचाऱ्याला सांगा, त्यांच्याकडे ती आत ढकलायला साधन असतं. आत पडताना बारीक आवाज येतो. सकाळी रिकाम्या पेटीत टप्प असा येतो, दुपारनंतर कागदावर कागद पडतो तेव्हा जवळजवळ येतच नाही.

मतदान संपलं की चीर बंद करतात, पेटीला सुतळी आणि लाखेची मोहोर लागते, प्रतिनिधींना त्यावर आपलीही मोहोर लावता येते. सहाही जिल्ह्यांतल्या पेट्या मोजणीसाठी नागपुरात येतात. सिरोंच्यासारख्या तालुक्यापासून हा रस्ता तीनशे किलोमीटरांहून जास्त आहे. इथे त्या बंदोबस्तात स्ट्राँगरूममध्ये राहतात. मोजणीच्या सकाळी मोहोरा तपासून पेट्या उघडतात, मतपत्रिका आधी नुसत्या मोजून पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे बांधतात आणि सगळ्या केंद्रांचे गठ्ठे एकत्र मिसळतात. अमुक गावाने कोणाला मत दिलं हे त्यानंतर कोणी सांगू शकत नाही. मग प्रत्येक कागद उघडून आकडा बघतात.

आदल्या रात्री घरी एक गोष्ट करा. वहीच्या पानावर पाच-सहा नावं लिहा, पुढे चौकोन काढा आणि घरातल्या सगळ्या मतदारांना स्केचपेनने एक, दोन, तीन लिहायला लावा. आमच्याकडे हे केलं तेव्हा बाबांनी पहिल्याच झटक्याला टिकमार्क केला होता.

आणि निकाल लागल्यावर पदवीच्या साक्षांकित झेरॉक्सची फाइल टाकून देऊ नका. सहा वर्षांनी यादी पुन्हा कोऱ्या पानापासून सुरू होईल, तेव्हा नमुना १८ला तीच लागेल.